यानवालीतल्या मुक्या जागा

दिवाळी सरली की वहिनीचा तुमसरहून फोन येतो. नवा तांदूळ निघाला, कधी येतेस, एवढंच ती विचारते आणि मी यादी करायला बसते. माझ्या याद्यांची घरात चेष्टा होते, होऊ दे. नोकरीची सगळी वर्षं कॉलेजच्या कार्यालयात गेली, यादीशिवाय मला सुचत नाही. तांदळासाठी पिशव्या, वहिनीच्या डोळ्यांचे थेंब, तिच्या तपासणीचे कागद, दादासाठी मफलर. यंदा त्या यादीच्या शेवटी मी लिहिलं, 'यानवाली'. लिहिलं आणि पेन हातात धरून तशीच बसले. बाकीच्या गोष्टी पिशवीत भरल्या की त्यांच्यावर रेघ मारता येते. हिच्यावर कशी मारणार, ते कळेना.

यानवाली म्हणजे ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी टीव्हीवर लागणारी एक हिंदी मालिका. तिला चांगलं भारदस्त नाव होतं, पण आमच्या घरात ते कोणी घेतलं नाही. पाच माणसं एका यानात बसून शनीच्या एका चंद्राकडे निघतात, वाटेत यान बिघडतं, आणि तेराव्या भागात ते पृथ्वीवर परत येतं. आता सांगायला एवढंच. त्या हिवाळ्यात मात्र आमचं अख्खं घर आठवडाभर त्या यानाच्या काळजीत असायचं.

बाबांची तुमसरच्या बाजारात धानाची अडत होती. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत घर आपलं राहायचं नाही. सोमवारच्या बोलीसाठी मोहाडीकडच्या खेड्यांतले शेतकरी रविवारीच बैलबंड्या आणि ट्रॅक्टर घेऊन यायचे. अंगणात पोत्यांच्या थप्प्या, पापण्यांवर कोंड्याची बारीक धूळ, आणि गिरण्यांकडून येणारा उकडलेल्या धानाचा ओलसर, जरासा आंबूस वास. तो वास वेण्यांमध्ये जाऊन बसायचा. शाळेत बाकावरची मैत्रीण नाक पुढे करून सांगायची, तुमच्याकडे माल आला वाटतं. आणि चहा. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत नुसता चहा.

आई मी आठ वर्षांची असताना गेली. मग दादाचं लग्न घाईनं झालं आणि एकोडीची वहिनी आमच्याकडे आली. साकोलीला बारावी सायन्स पास झाली आणि त्याच उन्हाळ्यात बोहल्यावर चढली. माझ्या वेण्या, माझा डबा, बाबांचं पथ्य, आल्यागेल्याचा चहा, सगळं तिच्या हाती आलं. तेव्हा ती एकोणीस-वीस वर्षांची असेल. माझी मुलगी आज त्याहून मोठी आहे आणि तिला कुकर लाव म्हणताना मी शब्द जुळवते.

टीव्ही बैठकीत होता. काळा-पांढरा, लाकडी दारांचा, डोक्यावर क्रोशाचा रुमाल. अँटेना अंगणात, उंच लोखंडी पाइपावर. दादा तो पाइप दोन्ही हातांनी कवटाळून फिरवायचा आणि खिडकीतून विचारायचा.

"आला का?"

"मुंग्या आहेत."

"आता?"

"आता होता तोही गेला."

बाबा दिवाणावर बसायचे, शेतकरी सतरंजीवर. टीव्ही कोपऱ्यात होता, स्वयंपाकघराच्या दाराला लागून, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर माझी जागा. त्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा होता. पडद्याच्या पलीकडे वहिनी.

सुनेनं सासऱ्यांसमोर, बाहेरच्या पुरुषांसमोर बैठकीत येऊन बसायचं नाही, हे आमच्याकडे कोणी कोणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्याची गरजच नव्हती. बाबा कठोर नव्हते. हंगामातले पहिले शिंगाडे आणले की ते आधी आत वहिनीकडे पाठवायचे. टीव्ही आणला त्या दिवशी म्हणाले होते, "सगळ्यायसाठी आनला," आणि त्यांच्या मनात ते खरंच होतं. वहिनीनंही कधी तोंड वाकडं केलं नाही. इतर दिवशी संध्याकाळी बाबा बाजारात असले की ती बाहेर येऊन बातम्या पाहायची, धानावरच्या किडीचा कार्यक्रमसुद्धा पाहायची. पण यानवाली लागायची रविवारी सकाळी, आणि रविवारी सकाळी बैठक भरलेली. पडदा सारून डोकावली असती तरी तिला टीव्हीची कड दिसली असती, आणि समोर बसलेले पुरुष. म्हणून तिनं यानवाली ऐकली. तेराच्या तेरा भाग, चुलीवरच्या चहाकडे लक्ष ठेवून.

रविवारी पाहुण्यांच्या कपबशा विसळायचं काम खरं माझं होतं. "तू पाय, मी घेते करून," वहिनी म्हणायची. मी पाहायची.

बैठकीतलं बोलणं मला अजून कानात आहे.

"हे कुठी चालले जी?"

"शनीवर."

"आपन शनी मागं लागू नये म्हून तेल वाहून राहिलो, अन् हे सोताहून चालले?"

"सरकारी खर्चानं चालले. त्यायचं काय जाते."

"अन् हे गाडी चालते कायच्यावर?"

"राकेलवर," बाबा गंभीर चेहऱ्यानं सांगायचे. "म्हून तं आपल्याले रेशनवर भेटत नाई."

एकदा टीव्हीत यान मोठ्यानं घरघरत गेलं, तेव्हा पडद्याआडून वहिनी माझ्या कानाशी म्हणाली, "बाई, तिथं हवा नाई. मंग आवाज कसा येईल?" नणंद म्हणून ती मला बाई म्हणायची, मी एवढीशी असले तरी. मी तिचं वाक्य तसंच उचलून बैठकीत मोठ्यानं म्हटलं. मग बाबा म्हणाले, "पोरगी हुशार हाय," आणि कोणीतरी माझ्या ओंजळीत शिंगाडे टाकले. पडद्यामागे वहिनी हसली, ते मला ऐकू आलं. मी शिंगाडे सोलून खाल्ले. एकच आत द्यावा, असं मनात आलं नाही.

गेल्या वर्षी वहिनीला काचबिंदू निघाला. उशिरा निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की मधलं दिसतं, कडेचं जातं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं जपायचं, आणि किती दिवस जपता येईल ते सांगता येत नाही. मी तिथल्या तिथे थेंबांच्या वेळा लिहून घेतल्या. परत येताना गाडीत वहिनी खिडकीबाहेर पाहत होती. म्हणजे पूर्ण मान वळवून पाहत होती, कारण आता तिला तसंच पाहावं लागतं. मध्येच म्हणाली, "ते यानवाली भेटते का वं कुठी? एकदा पायली असती."

"बघू," मी म्हणाले, आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारली.

पुढे वर्षभर रोज फोन केला. थेंब टाकले ना, गोळी घेतली ना, बरं ठेवते. यानवाली डोक्यातून गेली. अलीकडे एकदा पुण्याच्या भाच्याकडे, म्हणजे वहिनीच्या मुलाकडे, सहज विषय काढला, तर त्यानं चहा संपायच्या आत ती फोनवर शोधून काढली. कोणीतरी जुन्या कॅसेटवरून इंटरनेटवर चढवली होती. सगळे भाग होते. एवढंसं काम होतं, आणि जिची नजर महिन्यामहिन्यानं आत आक्रसते आहे तिला मी त्यासाठी वर्षभर थांबवून ठेवलं होतं.

कोणतीही वस्तू दुसऱ्याला देण्याआधी आपण तपासून घ्यायची, ही माझी कामाची रीत. म्हणून मी आधी एकटीनं पाहायला बसले. एकच भाग पाहायचा, चित्र नीट आहे का, आवाज येतो का, एवढंच ठरवलं होतं. दिवाळीच्या सुटीत दोन दिवसांत मी सगळी यानवाली पाहून संपवली. संपल्यावर लक्षात आलं, की यावेळीही पहिली मीच पाहिली.

आणि किती काही तेव्हा दिसलंच नव्हतं. मालिका रंगीत होती, हेच मला माहीत नव्हतं. यानाच्या भिंती चंदेरी होत्या, आणि नीट पाहिलं तर त्या भिंती म्हणजे चंदेरी रंग मारलेले अंड्यांचे ट्रे होते. कप्तानाच्या समोरचे लुकलुकणारे दिवे दिवाळीच्या माळेचे. एका शिरस्त्राणाला बसवलेली जाळी ही पिठाची चाळणी असावी. मी हसले. मग हसू मावळलं, कारण नजर इरावर गेली.

इरा म्हणजे त्या यानातली एकटी बाई, यंत्रं सांभाळणारी. लहानपणी माझा जीव कप्तानावर होता. इरा मला मागे कुठेतरी उभी असलेली एवढीच आठवत होती, आणि ती खरोखरच मागे कुठेतरी उभी होती. यानाच्या मुख्य खोलीत पाच माणसांना चार खुर्च्या होत्या. तेरा भागांत इरा एकदाही बसत नाही. दाराशी, भिंतीशी, पाइपाला टेकून उभी. नेपथ्य करणाऱ्याकडे पैसे कमी पडले असतील, की कोणी मुद्दाम तसं केलं होतं, मला सांगता येणार नाही. पण एकदा ते दिसल्यावर मला दुसरं काही दिसेना.

यानवालीत बोलणं थोडं. मध्येच संगीतही थांबायचं आणि बराच वेळ नुसतं चित्र चालायचं. लहानपणी मला त्या जागा कंटाळवाण्या वाटायच्या, आणि नेमकं त्याच वेळी पडद्याआडून विचारणं यायचं.

"काय चालू हाय वं?"

"काही नाही."

"कोनी बोलून नाई राहिलं म्हून इचारलं."

"काही होतच नाहीये. गप ना वहिनी."

आता पाहताना कळलं, की त्या मुक्या जागांतच सगळं काही होत होतं. सगळे झोपलेले असताना इरा काचेवरचं धुकं कोपरानं पुसून पृथ्वीकडे पाहते. डब्यात लावलेल्या एका रोपाला आपल्या वाट्याच्या पाण्यातलं अर्धं देते. स्वतःच्या हवेची नळकांडी काढून मुकाट्यानं कप्तानाच्या फळीवर ठेवते, आणि कप्तान सकाळी उठून ती वापरतो, त्याला कळतही नाही. यातलं एकही दृश्य बोललेलं नाही. याच्या प्रत्येक ठिकाणी मी वहिनीला 'काही नाही' सांगितलं होतं. वहिनीच्या यानवालीत ते रोप नव्हतं, ते पुसलेलं धुकं नव्हतं. तिच्याकडे इराचे चार-दोन शब्द पोचले होते तेवढेच. आणि तरी ती इराच तिला आवडायची. माझी वेणी घालताना म्हणायची, "ते बाई कमी बोलते, पन बोलली का काम होते."

तेराव्या भागाचं वेगळं सांगायला हवं.

तो संक्रांतीच्या आसपासचा रविवार होता. हंगाम उतरणीला लागला होता, पण बैठक गच्च. आत वहिनी तीळ भाजत होती, तो वास बाहेरपर्यंत येत होता. शेवटच्या भागात यानाचं एक दार आतून लागेना, असं काहीतरी होतं. मग आवाज पूर्ण थांबला. इरा त्या दाराच्या पलीकडे गेली, तिनं ते दुसऱ्या बाजूनं ओढून घेतलं, आणि बाकीचे चौघे निघाले. ती तिकडेच राहिली. कोणी रडलं नाही, कोणी एक शब्द बोललं नाही. बैठकीतही कोणी बोललं नाही. त्यानंतर एकदम बँड वाजला, यान पृथ्वीवर उतरलं, हार, टाळ्या, भाषणं. मालिका संपली. लोक उठून हातपाय झटकायला लागले.

मी आत गेले. माझं ताट वाढलेलं होतं आणि मैत्रिणी गल्लीत हाका मारत होत्या. वहिनीनं उलथनं बाजूला ठेवून विचारलं, "सगळे आले ना वापस? इरा आली?"

"आली. सगळे आले," मी म्हणाले आणि जेवायला बसले.

यात काही मोठं कारण नव्हतं. खरं सांगायचं तर ते दार, तो कप्तान, आधीच्या सगळ्या मुक्या जागा, सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. त्याला अर्धा तास लागला असता. खोटं एका शब्दात झालं. वेळ वाचवण्याची माझी हातोटी तेव्हापासूनची आहे, आणि तिचं सगळ्यांनी कौतुकच केलं. वहिनीशी बोलताना मी ती सगळ्यांत जास्त वापरली.

तर सांगत होते, यंदा मी यानवाली घेऊन तुमसरला गेले. माझा बेत सरळ होता. शनिवार-रविवारात सगळे भाग दाखवायचे, तिची इच्छा पुरी करायची, तांदूळ भरायचा आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं. बैठक आता वहिनीची आहे. बाबा जाऊन फार वर्षं झाली. त्यांच्या दिवाणावर ती बसते, समोर भिंतीवर मोठा टीव्ही. मी फोन टीव्हीला जोडला. दादा अंगणात धानाला पाय देत होता, उन्हात पसरलेलं धान पायानं फिरवत. तो पायाचा कोंडा झटकत आत आला.

"मलेबी पाऊ दे. मी तं तवा पाइपच पायला."

"बसा," वहिनी म्हणाली. "पन घोरजा नोका."

पहिला भाग लागला. नाव झळकलं, संगीत सुरू झालं, आणि वहिनी दिवाणावर ताठ बसली. पहिल्या संवादाला तिचे ओठ हलले. दुसऱ्याला तर ती कप्तानाच्या आधी बोलली. मग इरा दिसली, मोरपंखी पोशाखात, दाराशी उभी.

"हेच का वं ते?"

"हीच."

वहिनी बराच वेळ पाहत राहिली. "मले वाटे उंच असंल," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आमच्या एकोडीची दिसते."

"तिला बसायला खुर्ची नाही बघ," मी म्हणाले.

"बसाले टाइम तं भेटला पायजे." तिनं ते सहज म्हटलं आणि पुढचं पाहू लागली. मला मात्र ते पुढचे दोन प्रसंग दिसले नाहीत.

अंड्यांचे ट्रे तिला दाखवले तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अन् मी समजे का लोखंडाचं हाय. केवढा तो आवाज करे." दादा तोवर घोरायला लागला होता.

भाग संपला. मी दुसरा लावायला हात पुढे केला, तर वहिनी म्हणाली, "राहू दे. आता पुढच्या आयतवारी."

"अगं, मी सगळे दाखवून जाणार आहे. उद्यापर्यंत होतील."

"तवा का एका दिवसात पायली होती? हप्त्याले एक. तू येत जाजो."

मी तिला रजेचं सांगितलं, गाडीच्या वेळा सांगितल्या, दादा लावून देईल म्हणाले. तिनं सगळं ऐकून घेतलं. "त्यायले लावता येते," ती म्हणाली, "सांगता नाई येत. कडेचं मले दिसत नाई, ते कोन सांगंल?"

म्हणून या हंगामात मी दर रविवारी सकाळच्या गाडीनं तुमसर रोड स्टेशनला उतरले. तिथून ऑटोनं गावात. वाटेत दोन्ही बाजूंना कापलेल्या धानाची खुंटं, मग हळूहळू त्यांत उगवलेलं लाखोळीचं कोवळं पीक. गिरण्यांचा तो वास अजून तसाच आहे, फक्त आता केसांत बसत नाही; की बसतो आणि सांगणारं कोणी नाही.

मी वहिनीच्या उजव्या हाताला बसायची. तिला टीव्हीच्या मधलं स्वच्छ दिसायचं. कडांना तिच्या लेखी धुकं. तेव्हा मी सांगायची. डावीकडे कोपऱ्यात रोप आहे, डब्यात लावलेलं. उजवीकडे कप्तान झोपलाय, तोंड उघडं आहे. ती आता पाणी ओततेय, अर्धं. अर्धं तिनं स्वतःसाठी ठेवलं. मागे भिंतीचा तुकडा निघालाय, आतून पुठ्ठा दिसतोय. मी काही गाळलं नाही. लहानपणीच्या त्या सगळ्या 'काही नाही'च्या जागी मी आता नेमकं काय होतं ते भरत होते, आणि प्रत्येक वेळी वहिनी मान डोलवायची, जणू जिन्नस मोजून घेते आहे. हे करताना मला बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. काहीतरी फिटतं आहे, असं वाटत होतं. आणि तसं वाटतं आहे, याचीच लाज वाटायची.

कारण तेरावा भाग जवळ येत होता. बाकीचे सांगून भरता येत होते, तो भरता येणारा नव्हता. इतकी वर्षं वहिनीच्या मनात इरा पृथ्वीवर सुखरूप उतरलेली होती. ती मी उतरवली होती. आता मीच तिला टीव्हीसमोर बसवून, कडेचं सांगत सांगत, इराला त्या दारापलीकडे पाठवणार होते. जानेवारीत तपासणी झाली तेव्हा डॉक्टरांनी नजर आणखी जराशी आत आल्याचं सांगितलं. थांबायला वेळ नव्हता. तरी मी एक रविवार टाळला. ऑफिसचं काम आहे म्हणाले. काम नव्हतं.

"बरं," वहिनी फोनवर म्हणाली. "काम असंल तं कर."

त्या 'बरं'नं मला पुढच्या रविवारी गाडीत बसवलं.

दादा शेतावर गेला होता. घरात आम्ही दोघीच. भाग लावण्याआधी मी म्हणाले, "वहिनी, एक सांगायचं होतं."

"मंग सांग. आधी लाव."

लावला. आम्ही पाहत राहिलो. दार लागेना. आवाज थांबला. इरा उठली, म्हणजे उभीच होती, ती निघाली. मी कडेचं सांगायला तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच मला शब्द सापडेना. सांगण्यासारखं कडेला काही नव्हतंही. सगळं मधोमध होतं. इराचे हात, ते दार, तिनं ते ओढून घेणं. वहिनीला ते पूर्ण दिसलं. मग बँड, हार, भाषणं. कप्तान बोलला, त्याचा जाड आवाजाचा सोबती बोलला, बाकीचे दोघे बोलले. चित्र संपलं आणि टीव्ही निळा झाला.

वहिनीनं पदरानं डोळे टिपले. सांभाळून, थेंब टाकलेले असल्यासारखे.

"मी तेव्हा तुला खोटं सांगितलं होतं," मी म्हणाले. "ती आली म्हणून."

"मले मालूम होतं."

मी हातातला फोन खाली ठेवला.

"यान उतरल्यावर सगळे बोलले," वहिनी म्हणाली. "ते नाई बोलली. आली असती तं एखादा शब्द तं बोलली असती. मी तवाच समजली."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"कायले इचारू? मले वाईट वाटंल म्हून एवढंसं पोर खोटं बोललं. मी चुलीपाशी बसून लय रडली त्या दिवशी. त्या इरासाठी नाई. या घरात माह्या मनाचा कोनी इचार करते, ते मले त्या दिवशी पहिल्यांदा समजलं." ती जराशी हसली. "आईबिना पोर, पन किती समज. मंग मले इथं गमलं बाप्पा. हो ना? त्याच्याचसाठी बोलली ना तू तसं?"

मी मान हलवली. आपोआप हलली. एवढी वर्षं जिच्यावर ती जगली, ती गोष्ट मी कशाला मोडायची, असंही त्याच क्षणी मनात येऊन गेलं, आणि ते खोटं नव्हतं. पण मी तिच्या उजव्या हाताला बसले होते. तिथलं तिला दिसत नाही. ती समोर निळ्या टीव्हीकडे तोंड करून माझ्या उत्तराची वाट पाहत होती.

आवाजानंच सांगायचं होतं. एक शब्द पुरला असता.

"नाही वहिनी," मी म्हणाले. "मला भूक लागली होती. आणि सगळं सांगत बसायचा कंटाळा आला होता."

वहिनीला आता माणूस पाहायचं तर सगळं तोंड त्याच्याकडे फिरवावं लागतं. तिनं हळूहळू मान वळवली, तिच्या नजरेच्या मधोमध मी येईपर्यंत वळवली, आणि माझ्याकडे पाहत राहिली.